वॉटसन्स हॉटेल

वॉटसन्स हॉटेल, अर्थात वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेल, हे मुंबईच्या कोट भागातील काळा घोडा परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारले गेलेले एक भव्य हॉटेल होते. हॉटेल बंद पडून अनेक दशके लोटली. त्याची इमारत मात्र 'एस्प्लनेड मॅन्शन' या नावाने आजही उभी आहे. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी भाग जहाजाने मुंबईस आणून १८६७ ते १८६९ या काळात तिची जुळणी करण्यात आली आणि १८७१ मध्ये हॉटेल सुरू झाले. ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभी असलेली भारतातील सर्वांत जुनी विद्यमान इमारत म्हणून ती ओळखली जाते. ७ जुलै १८९६ रोजी भारतातील चलत्‌चित्रांचा पहिला जाहीर खेळ याच हॉटेलात झाला. पुढे तिचे गाळे पाडून ते भाड्याने देण्यात आले. दुरुस्तीअभावी इमारत मोडकळीस आली आणि २०१९ मध्ये धोकादायक ठरवून ती रिकामी करण्यात आली. ती पाडावी की जतन करावी, हा स्थापत्य-वारशाच्या क्षेत्रातील एक महत्त्वाचा वाद आहे.

स्थान आणि नाव

ही इमारत महात्मा गांधी मार्गावर आहे. या रस्त्याचे जुने नाव एस्प्लनेड रोड. किल्ल्याच्या तटबंदीबाहेर मारा करण्यासाठी मोकळे ठेवलेले मैदान म्हणजे एस्प्लनेड. त्यावरून रस्त्याला आणि रस्त्यावरून हॉटेलला हे नाव मिळाले. समोरच्या बाजूस जुन्या सचिवालयाची इमारत असून तेथे आता शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरते. डेव्हिड ससून ग्रंथालय, एल्फिन्स्टन महाविद्यालय, मुंबई विद्यापीठ आणि मुंबई उच्च न्यायालय या वास्तूही जवळच आहेत.

परिसराचे 'काळा घोडा' हे नाव राजपुत्र एडवर्ड (पुढे सातवा एडवर्ड) याच्या काळ्या रंगाच्या अश्वारूढ पुतळ्यावरून पडले. १८७९ मध्ये बसवलेला हा पुतळा १९६५ साली तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. पुतळा गेला तरी नाव टिकले. २०१७ मध्ये तेथे स्वार नसलेल्या घोड्याचे नवे शिल्प बसवण्यात आले.

इमारतीची नावे मालकी आणि वापराबरोबर बदलत गेली. वॉटसन्स हॉटेलचे प्रथम 'महेंद्र मॅन्शन' झाले आणि नंतर 'एस्प्लनेड मॅन्शन'. अभ्यासक आणि वास्तुप्रेमी मात्र तिचा उल्लेख बहुधा मूळ नावानेच करतात.

पार्श्वभूमी

१८६० चे दशक हे मुंबईच्या इतिहासातील मोठ्या उलथापालथीचे दशक होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील संस्थानांमधून इंग्लंडला जाणारा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आपली मागणी भारताकडे वळवली. त्यामुळे मुंबईच्या बाजारात अभूतपूर्व पैसा आला. याच सुमारास, १८६२ मध्ये, सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर झाले. दाट वस्तीच्या किल्ल्याची तटबंदी आता निरुपयोगी झाल्याचे ओळखून त्यांनी ती पाडण्याचे काम हाती घेतले. तटबंदी आणि खंदकाच्या जागी रुंद रस्ते, सार्वजनिक इमारती आणि विक्रीयोग्य भूखंड निर्माण झाले. गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' हे मराठीतील पहिले मोठे नगरवर्णन १८६३ मध्ये, म्हणजे याच स्थित्यंतराच्या उंबरठ्यावर, प्रसिद्ध झाले.

१८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले. शेअरबाजारातील तेजीचा फुगा फुटला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. तरीही शहराचे महत्त्व घटले नाही. बोरघाट (१८६३) आणि थळघाट (१८६५) ओलांडून लोहमार्ग देशाच्या आतील भागात गेले होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये मुंबई–कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. परिणामी युरोपातून येणाऱ्या प्रवाशासाठी मुंबई हे भारताचे प्रवेशद्वार बनले. बोटीतून उतरलेल्या अशा प्रवाशांना राहण्यासाठी दर्जेदार सोय मात्र शहरात फारशी नव्हती. वॉटसन्स हॉटेलने ही उणीव भरून काढली.

मालक जॉन हडसन वॉटसन

हॉटेलचे मालक जॉन हडसन वॉटसन हे मूळचे उत्तर इंग्लंडमधील कंबरलँड परगण्याचे. मुंबईत त्यांचा कापड आणि तयार कपड्यांचा व्यवसाय होता व त्यांचे ग्राहक प्रामुख्याने येथील युरोपीय अधिकारी आणि व्यापारी होते. तटबंदी पाडल्यानंतर एस्प्लनेडवरील भूखंड विक्रीस निघाले, तेव्हा त्यांनी तेथे जागा घेतली. आपल्या व्यवसायासाठी प्रशस्त दालने आणि कचेऱ्या उभाराव्यात, असा त्यांचा प्रारंभीचा विचार होता. पुढे त्याचे रूपांतर हॉटेलच्या योजनेत झाले. १८७१ मध्ये, म्हणजे हॉटेल सुरू झाले त्याच वर्षी, वॉटसन यांचे निधन झाले आणि कारभार त्यांच्या कुटुंबीयांकडे गेला.

आराखडा आणि बांधकाम

इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने केला. ऑर्डिश हे लोखंडी बांधकामातील आपल्या काळातील अग्रगण्य तज्ज्ञ होते. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामात त्यांचा सहभाग होता. लंडनच्या सेंट पँक्रस रेल्वे स्थानकाचे विस्तीर्ण छत आणि थेम्स नदीवरील अल्बर्ट पूल (१८७३) या कामांशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांच्या कामाचा मोठा भाग पूल आणि छपरांचा असल्याने मुंबईतील ही निवासी इमारत त्यात वेगळी उठून दिसते.

खांब, तुळया, कठडे आदी लोखंडी भाग इंग्लंडमधील डर्बी येथील फिनिक्स फाउंड्री या ओतशाळेत तयार झाले. खांबांवर या ओतशाळेचे नाव उठवलेले आहे. तयार भाग जहाजाने मुंबईत आले आणि जागेवर त्यांची जुळणी करण्यात आली. जोत्यासाठी लागणारा तांबूस दगडही इंग्लंडमधील पेनरिथ भागातून, तर फरशीच्या लाद्या मिंटन या प्रसिद्ध कारखान्यातून मागवल्या होत्या. भिंतींच्या भरावासाठी विटा वापरण्यात आल्या. आज ज्याला 'पूर्वनिर्मित बांधकाम' म्हणतात, त्या पद्धतीचे हे फार जुने आणि मोठ्या आकाराचे उदाहरण होय.

सांगाड्याचे वेगळेपण

या वास्तूचे तांत्रिक महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन बांधकामाची रीत लक्षात घ्यावी लागते. त्या काळी बहुमजली इमारतीचा भार जाड दगडी किंवा विटांच्या भिंतींवर असे. मजले वाढले की खालच्या भिंतींची जाडी वाढवावी लागे, आणि भिंत जितकी जाड तितक्या खिडक्या लहान व खोल्या अंधाऱ्या. वॉटसन्स हॉटेलमध्ये मजल्यांचा भार लोखंडी तुळयांवरून लोखंडी खांबांवर आणि तेथून थेट पायावर उतरतो. भिंती केवळ आडोशाचे काम करतात. त्यामुळे चारही बाजूंना मोठी दारे-खिडक्या ठेवणे आणि प्रत्येक मजल्यावर सांगाड्याबाहेर झेपावणारे सलग सज्जे काढणे शक्य झाले. मुंबईच्या दमट हवेत वारा खेळता राहण्यासाठी ही रचना अत्यंत सोयीची होती.

लोखंडी खांबांचा वापर इंग्लंडमधील गिरण्या आणि गोदामांत यापूर्वीही होत असे. परंतु तेथे बाहेरच्या भिंती बहुधा भार वाहणाऱ्याच असत. माणसांच्या निवासासाठी बांधलेली आणि पूर्णतः लोखंडी सांगाड्यावर उभी राहिलेली बहुमजली इमारत हा त्या काळी विरळा प्रकार होता. फ्रान्समधील न्वाझिएल येथील मेनिये चॉकलेट कारखान्याची इमारत (१८७१–७२) ही या प्रकारातील आद्य इमारतींमध्ये गणली जाते. वॉटसन्स हॉटेल तिच्याआधी पूर्ण झाले होते. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग (१८८५) ही गगनचुंबी इमारतींची जननी मानली जाते. तिच्याही दीड दशक आधी मुंबईत हे तत्त्व प्रत्यक्षात आलेले होते. म्हणूनच बांधकामशास्त्राच्या इतिहासात या वास्तूला जागतिक महत्त्व दिले जाते.

समकालीन अभिरुचीला मात्र हे रूप पचनी पडले नाही. शेजारी विद्यापीठ, सचिवालय आणि उच्च न्यायालय यांच्या दगडी, कोरीव, गॉथिक शैलीतील इमारती आकार घेत होत्या. त्यांच्या पंक्तीत हा उघडा लोखंडी सांगाडा अनेकांना विद्रूप वाटला आणि त्याला अजस्र पिंजऱ्याची उपमा दिली गेली.

हॉटेलमधील व्यवस्था

हॉटेल पाच मजली होते. तळमजल्यावर स्वागतकक्ष, उपाहारगृह, मद्यालय आणि दुकाने होती. वरच्या मजल्यांवर १३० खोल्या आणि २० प्रशस्त दालनसंच होते. इमारतीच्या मध्यभागी सुमारे ३० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असा चौक असून त्यावर काचेचे छत होते. या चौकाचा उपयोग नृत्यशाळा म्हणून होई. वाफेच्या शक्तीवर चालणारा पाळणा हे येथील मोठे आकर्षण होते. भारतातील पहिली लिफ्ट म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

उपाहारगृहात आणि नृत्यशाळेत इंग्लंडहून आणलेल्या परिचारिका वाढप करीत. वॉटसनने इंग्लंडमधून सगळे काही आणले, तेवढी तिकडची हवाही आणली असती तर बरे झाले असते, असा विनोद त्या काळी प्रचलित होता. त्यात अतिशयोक्ती थोडीच होती. लोखंड, दगड, लाद्या आणि सेवकवर्ग या सर्वच बाबतींत हॉटेलचा ओढा मायदेशाकडे होता.

हॉटेलात बिलियर्ड्‌सची सोय होती. तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना वकिलीच्या उमेदवारीच्या काळात येथे बिलियर्ड्‌स खेळत असत, असा उल्लेख त्यांच्याविषयीच्या चरित्रपर लेखनात आढळतो.

वर्णभेद

हॉटेल युरोपीय पाहुण्यांसाठी होते. साहेबांची सेवा करणाऱ्या पट्टेवाल्यांना, आचाऱ्यांना व हमालांना आत वावर होता. पाहुणा म्हणून खोली घेणे मात्र भारतीयांना मोकळे नव्हते. अशी बंधने त्या काळातील युरोपीय क्लब आणि हॉटेलांमध्ये सर्रास होती. वॉटसन्स हॉटेल शहरातील सर्वांत नामांकित असल्यामुळे हा भेद तेथे अधिक ठळकपणे जाणवे. पुढे ताजमहाल हॉटेलच्या जन्माविषयी प्रचलित झालेल्या आख्यायिकेचे मूळ याच वस्तुस्थितीत आहे.

मार्क ट्वेन यांचे वास्तव्य

अमेरिकन लेखक मार्क ट्वेन जगभर व्याख्याने देत १८९६ च्या जानेवारीत मुंबईत आले आणि वॉटसन्स हॉटेलात उतरले. या प्रवासावर आधारित त्यांचे 'फॉलोइंग द इक्वेटर' हे पुस्तक १८९७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईतील माणसे, रंग आणि गर्दी यांच्या वर्णनाबरोबरच येथील कावळ्यांवरचे त्यांचे विनोदी लेखन विशेष गाजले. हॉटेलच्या सज्ज्याच्या कठड्यावर येऊन बसणारे आणि पाहुण्याचे निरीक्षण करणारे कावळे त्यात येतात. मोकळे, रुंद सज्जे हे हॉटेलचे वैशिष्ट्य अशा रीतीने साहित्यातही नोंदले गेले. त्याच लेखनात हॉटेलातील एका युरोपीय व्यवस्थापकाने भारतीय नोकरावर हात उगारल्याचा प्रसंग आहे. तो पाहून ट्वेन यांना अमेरिकेच्या दक्षिण भागातील आपल्या बालपणीची गुलामगिरी आठवली.

चलत्‌चित्रांचा पहिला खेळ

फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये सिनेमॅटोग्राफचा पहिला सशुल्क खेळ केला. त्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी त्यांचे प्रतिनिधी मारियस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला जाण्याच्या वाटेवर मुंबईत थांबले. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन्स हॉटेलात त्यांनी हे खेळ सादर केले. सायंकाळी ६ पासून रात्री १० पर्यंत चार खेळ झाले आणि तिकिटाचा दर १ रुपया होता. 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्याची जाहिरात आली होती. स्थानकात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, भिंत पाडण्याचे काम, समुद्रस्नान अशा सहा छोट्या चित्रफितींचा त्यात समावेश होता. प्रत्येक चित्रफीत जेमतेम मिनिटभराची होती.

हॉटेलच्या नियमांमुळे आणि तिकिटाच्या दरामुळे हे पहिले खेळ सामान्य मुंबईकरांपर्यंत पोहोचले नाहीत. अवघ्या आठवडाभरात, १४ जुलैपासून, ते नॉव्हेल्टी नाट्यगृहात होऊ लागले. तेथे ४ आण्यांपासून २ रुपयांपर्यंत वेगवेगळे दर ठेवण्यात आले आणि पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र आसनव्यवस्था करण्यात आली. चलत्‌चित्र खऱ्या अर्थाने शहराचे झाले ते या स्थलांतरानंतर.

या खेळांचा मराठी माणसांशी थेट संबंध आहे. मुंबईतील छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा (१८६८–१९५८) यांनी ल्युमिएरचा खेळ पाहून स्वतः चित्रीकरण करण्याचे ठरवले आणि लंडनहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या एका कुस्तीचे चित्रण केले. केंब्रिजची 'सीनियर रँग्लर' ही बहुमानाची पदवी मिळवून १९०१ मध्ये परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचेही त्यांनी चित्रण केले. भारतीयाने केलेल्या वृत्तचित्रणाचा आरंभ येथून मानला जातो. पुढे दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला.

ताजमहाल हॉटेल आणि आख्यायिका

उद्योगपती जमशेटजी टाटा यांना भारतीय असल्याच्या कारणावरून वॉटसन्स हॉटेलात प्रवेश नाकारण्यात आला आणि त्या अपमानाला उत्तर म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा आढळत नाही आणि अनेक इतिहासकार ती ग्राह्य मानत नाहीत. प्लेगच्या साथीने मुंबईची रया गेली असताना शहराला जागतिक दर्जाचे हॉटेल द्यावे, हा टाटांचा हेतू अधिक संभवनीय मानला जातो. तथापि भारतीयांना अशा हॉटेलांत मज्जाव असे, ही बाब खरी होती. त्यामुळेच ही कथा लोकमानसात इतकी दृढ झाली.

ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. समुद्राकाठची जागा, विजेचे दिवे, अद्ययावत सोयी आणि भारतीयांनाही खुला प्रवेश या बाबतींत त्याने जुन्या हॉटेलला मागे टाकले. बोटीतून उतरणारा प्रवासी आता अपोलो बंदरापासून चार पावलांवरच मुक्काम करू लागला आणि वॉटसन्स हॉटेलची प्रतिष्ठा उतरणीस लागली.

हॉटेल ते भाड्याचे गाळे

हॉटेल बंद पडल्यावर इमारत भाड्याने देण्यात आली. मोठ्या दालनांत लाकडी फळ्यांचे आडोसे घालून लहान लहान गाळे करण्यात आले. जिने आणि व्हरांड्यांतून प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र वाट काढण्यात आली, सज्जे बंद करून खोल्यांना जोडले गेले आणि काचेच्या छताखालील चौकाचे मूळ रूप हरपले. इमारतीत सुमारे दीडशे भाडेकरू होते. त्यांत निवासी कुटुंबे कमी आणि व्यावसायिक अधिक. सत्र न्यायालय समोर आणि उच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर असल्याने वकिलांच्या कचेऱ्या मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या जोडीला टंकलेखक, छायाप्रती काढणारे, नोटरी, लहान व्यापारी आणि खानावळी होत्या. पन्नासएक वर्षे ज्या दारातून भारतीय पाहुण्याला आत जाता येत नव्हते, त्या दारातून पुढच्या पिढ्यांतील अशील, कारकून आणि चहावाले दिवसभर ये-जा करू लागले.

इमारतीच्या दुरवस्थेचे कारण केवळ दुर्लक्षात शोधणे अपुरे ठरेल. मुंबईतील जुन्या भाड्याच्या इमारतींची कोंडी येथेही होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १९४० च्या पातळीशी बांधले गेले. भाडेकरूंना संरक्षण मिळाले, ते गरजेचेही होते. परंतु मिळणाऱ्या भाड्यातून देखभाल करणे मालकांना परवडेनासे झाले. मालकाला दुरुस्तीत रस नाही, भाडेकरूला मालकी नाही आणि कायम जागा जाण्याची भीती मात्र आहे, अशी त्रिकोणी अडचण निर्माण झाली. अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठी राज्य शासनाने उपकर आकारून दुरुस्ती मंडळाची व्यवस्था केली. सर्वसाधारण चाळींसाठी आखलेली ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकातील ओतीव लोखंडाच्या सांगाड्याला पुरी पडण्याजोगी नव्हती.

पडझड

ओतीव लोखंड दाब चांगला सोसते, परंतु ताण सोसण्यात ते कमकुवत आणि ठिसूळ असते. वाकण्याऐवजी ते एकाएकी तडकते. मुंबईचा चार महिन्यांचा पाऊस आणि खारी हवा यांमुळे नियमित रंगरंगोटी आणि पाण्याचा निचरा नसेल तर लोखंडाला गंज चढतो. गंजलेला धातू फुगतो आणि भोवतीच्या विटा व सांधे उचकटतात. त्यातच भाडेकरूंनी केलेले पोटमाळे, बंदिस्त सज्जे आणि पाण्याच्या टाक्या यांचा अतिरिक्त भार सांगाड्यावर पडला. ज्या सज्ज्यांनी इमारतीला ओळख दिली, तेच पडझडीचे पहिले ठिकाण ठरले.

न्यूयॉर्क येथील वर्ल्ड मॉन्युमेंट्‌स फंड या संस्थेने २००६ च्या आपल्या यादीत जगातील १०० धोक्यातील वास्तूंमध्ये या इमारतीचा समावेश केला. इटालियन वास्तुविशारद रेंझो पियानो यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. २००५ मध्येच इमारतीच्या पश्चिमेकडील दर्शनी भागाचा आणि सज्ज्याचा काही भाग कोसळला. त्यात एकाचा मृत्यू झाला आणि सहा जण जखमी झाले. २०१८ साली पुन्हा सज्ज्याचा काही भाग पडला.

जतनाचा वाद

मुंबईच्या वारसा नियमावलीत ही इमारत 'दोन-अ' या श्रेणीत आहे. ज्या परिसरात ती उभी आहे, तो मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. असे संरक्षण कागदावर असताना २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात इमारतीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला आणि म्हाडाच्या कार्यवाहीत भाडेकरूंना जागा रिकाम्या कराव्या लागल्या. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने (आयआयटी) दिलेल्या अहवालात इमारत पाडून पुन्हा बांधण्याचा पर्याय सुचवण्यात आला. वारसा-संवर्धनाच्या क्षेत्रातील वास्तुविशारद आणि अभियंते यांनी त्यास हरकत घेतली.

पाडण्याच्या बाजूचे म्हणणे असे : सांगाड्याचे सांधे आणि तुळया ठिकठिकाणी निकामी झाल्या आहेत, दुरुस्तीचे काम करणाऱ्यांच्या जिवालाही धोका आहे, खर्च अवाढव्य आहे आणि गजबजलेल्या रस्त्यावर अशी इमारत उभी ठेवणे जोखमीचे आहे. २००५ च्या दुर्घटनेतील मृत्यू लक्षात घेता हा मुद्दा हलका मानता येत नाही.

जतनाच्या बाजूचा युक्तिवाद इमारतीच्या रचनेवरच उभा आहे. सुट्या भागांची जुळणी करून जी इमारत उभी राहिली, तिचे निकामी भाग सुटे करून बदलणेही तत्त्वतः शक्य आहे. भिंती भार वाहत नसल्याने नंतर घातलेले आडोसे आणि भराव काढून सांगाडा मोकळा करता येईल आणि त्यावरचा भारही घटेल. बाह्यरूपाची नक्कल करून नवी इमारत बांधल्यास देखावा राहील, परंतु ज्यासाठी ही वास्तू जगात ओळखली जाते तो मूळ सांगाडा नाहीसा होईल, असे या पक्षाचे म्हणणे आहे. भाडेकरूंसाठी प्रश्न आणखी वेगळा आहे. त्यांचा व्यवसाय न्यायालयांच्या सान्निध्यावर अवलंबून असल्याने इमारत राहो वा जावो, परतण्याचा हक्क त्यांना महत्त्वाचा वाटतो.

महत्त्व

वॉटसन्स हॉटेलचे महत्त्व अनेक पदरी आहे. बांधकामशास्त्राच्या दृष्टीने ते सांगाड्यावरील बहुमजली इमारतींच्या आरंभकाळातील दुर्मीळ आणि अद्याप उभे असलेले उदाहरण आहे. चित्रपटाच्या इतिहासात भारतातील पहिल्या खेळाची जागा म्हणून त्याचे नाव कायम आहे. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने एकाच वास्तूत वसाहतकालीन ऐश्वर्य, वर्णभेद, स्वातंत्र्योत्तर काळातील जागेची टंचाई आणि भाडे नियंत्रणाचे परिणाम हे सर्व टप्पे वाचता येतात. मुंबईतील दगडी गॉथिक इमारतींनी शहराला त्याची ओळख दिली. या लोखंडी इमारतीत मात्र पुढील शतकातील शहरांच्या बांधणीचे तत्त्व आधीच अवतरले होते. भारतातील औद्योगिक वारशाच्या जतनाविषयीच्या चर्चेत एस्प्लनेड मॅन्शनचे उदाहरण म्हणूनच वारंवार दिले जाते.